अक्काचा रिकामा पेनड्राइव्ह

आजही कुणी पेनड्राइव्ह कॉम्प्युटरला लावतं, पडद्याकडे एकदा बघतं आणि "काही नाही यात, रिकामा आहे" असं म्हणून बाजूला टाकतं, तेव्हा माझं डोकं फिरतं. घरची माणसं सवयीनं गप्प बसतात. बाहेरच्यांना वाटतं, बाईंना रक्तदाबाचा त्रास असावा. असेलही. पण त्या एका शब्दापायी एका बाईचं काय झालं ते मी शेजारच्या गाळ्यातून पाहिलंय, आणि इतकी वर्षं होऊनही माझा राग तसूभर कमी झालेला नाही.

ती बाई म्हणजे अक्का. राजारामपुरीत एका कॉम्प्लेक्सच्या पहिल्या मजल्यावर माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान होतं आणि भिंतीपलीकडे तिचं कॉम्प्युटरवरच्या भरतकामाचं. शाळांच्या गणवेशाच्या खिशावरची बोधचिन्हं, तालमींच्या टी-शर्टवरचे वाघ, ब्लाउजच्या बाह्यांवरचे मोर, सगळं तिचं मशीन दिवसभर खडखडत काढायचं. ती जयसिंगपूरच्या पलीकडची, कर्नाटकच्या हद्दीला चिकटलेल्या गावची. घरात कानडी, बाजारात मराठी आणि भांडताना दोन्ही. अक्का म्हणजे थोरली बहीण. पण तिच्याहून थोरली माणसंही तिला अक्काच म्हणायची, दुसरं काही म्हणायची कुणाची छाती नव्हती. मला ती तंगी म्हणायची. कानडीत तंगी म्हणजे धाकटी बहीण, पण माझ्या दुकानाकडे बघून काही गिऱ्हाइकांना तो मराठी शब्द वाटायचा आणि पटायचाही. आमच्याकडच्या पुष्कळ बायकांसारखी तीही 'मी जातो, मी सांगतो' असंच बोलायची, आणि आवाज असा की तिचे फोन मला भिंतीतून पाठ व्हायचे.

अक्काची एक खोड साऱ्या गल्लीला ठाऊक होती. कुणाचाही पेनड्राइव्ह तिच्या हातात पडला की ती आधी त्याचं पार्टिशन उडवायची. याला कारण होतं तिचं मशीन. ते तिनं नव्वदच्या दशकात इचलकरंजीहून जुनं म्हणून आणलं होतं आणि ते फक्त फ्लॉपी खायचं. पुढं फ्लॉप्या मिळेनाशा झाल्या, तेव्हा इचलकरंजीच्याच एका मेकॅनिकनं फ्लॉपीच्या खाचेत एक डबी बसवून दिली. त्या डबीत पेनड्राइव्ह घालायचा. पण डबी जुन्या वळणाची. तिला पेनड्राइव्ह म्हणजे एक भली मोठी फ्लॉपीच वाटायची. बाजारातल्या पेनड्राइव्हच्या अगदी सुरुवातीला एक छोटा तक्ता असतो, आत कुठला भाग कुठून सुरू होतो ते सांगणारा. इमारतीच्या दारात राहणाऱ्यांच्या नावांची पाटी असते ना, तसा. त्याला पार्टिशन टेबल म्हणतात. ही पाटी दिसली की डबी लाल दिवा लावून ओरडत बसायची. म्हणून अक्का आपल्या कॉम्प्युटरवर काळा पडदा उघडून, मेकॅनिकनं शिकवलेली एक ओळ टाइप करून पाटीच पुसून टाकायची. मग पेनड्राइव्हच्या पहिल्या जागेपासूनच माल सुरू.

हे पार्टिशन टेबल वगैरे मला समजावलं माझ्या नवऱ्यानं. तो एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायचा. मी धाकटी बहीण, म्हणून तो अक्काचा दाजी. संध्याकाळी मला न्यायला आला की अक्का त्याला आपल्या गाळ्यात ओढायची आणि दोघांचा वाद सुरू व्हायचा.

"दाजी, ह्यो बोर्ड कशाला पायजे मला सांगा. दार उघडलं की घर. आत कोण ऱ्हातंय ते आत गेल्यावर कळतंय की."

"अक्का, तुमच्या डबीपुरतं ठीक आहे. पण बरीच यंत्रं आधी ती पाटीच वाचतात. पाटी दिसली नाही तर आत डोकावतच नाहीत."

"मग ती यंत्रं आळशी हायत. त्यास्नी सांगा."

नवरा हसायचा. मला तेव्हा अक्काचंच म्हणणं बरोबर वाटायचं, आणि खरं सांगायचं तर आजही वाटतं.

लोकांना मात्र याचा ताप व्हायचा. एकदा शाहूवाडीकडचे एक गृहस्थ त्यांच्या भजनी मंडळाच्या सदऱ्यांवर काढायचं चिन्ह पेनड्राइव्हमधून घेऊन आले. त्याच पेनड्राइव्हमध्ये त्यांची गाडीत ऐकायची भजनं होती. अक्कानं भजनं आपल्या कॉम्प्युटरवर काढून घेतली, पाटी पुसली, भजनं परत घातली, चिन्हाचं डिझाइन घातलं, सदरे करून दिले. दोन दिवसांनी गृहस्थ जिने चढून तणतणत हजर. गाडीतला प्लेअर म्हणतोय, यात काहीच नाही.

"पावणं, हितं बगा," अक्कानं पेनड्राइव्ह कॉम्प्युटरला लावून दाखवला. "भजनं हायत का न्हाईत? एक तरी गाळलंय का मी? मग दोष कुणाचा? तुमच्या पिलेअरला वाचाय येत न्हाय. त्याला शाळंत घाला."

"अवो, पर तुमी हात लावायच्या आधी इचारायचं तरी हुतं की!" गृहस्थ कळवळून म्हणाले.

अक्कानं खालून चहा मागवला, पाहुण्यांना बसवलं आणि संध्याकाळी माझ्या नवऱ्याकडून पाटी परत बसवून घेतली. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा पहिले पाढे. अक्का विचारायची नाही हे खरं, मी ते लपवत नाही. पण तिनं कुणाचं काही कधी घालवलंही नाही. आतलं आधी जपून बाहेर काढायचं आणि मगच पुसायचं, हा तिचा शिरस्ता होता, आणि इतकासुद्धा शिरस्ता पुढं ज्याला पाळता आला नाही त्याला लोक इंजिनिअर म्हणत होते.

तिची दुसरी खोड म्हणजे कॉपी या शब्दाचा तिटकारा. माझं तर पोटच कॉपीवर, आणि ही माझ्या दारात उभी राहून म्हणायची, "तंगी, तुझा धंदा चांगला, पर शब्द वंगाळ." याच्यामागेही एक जखम होती. फ्लॉपीच्या दिवसांत तिनं महिनाभर खपून एक मोर केला होता. पिसाऱ्यातला प्रत्येक डोळा वेगळ्या रंगाच्या छटेचा. एका ओळखीच्या बाईंनी "नुसता बघायला देते, लगेच परत करते" म्हणून फ्लॉपी नेली. दिवाळीच्या आत तो मोर महाद्वार रोडवरच्या दुकानादुकानात टांगलेल्या ब्लाउजांवर दिसायला लागला. अक्का त्या रस्त्यानं दुकानागणिक थांबत, प्रत्येक मोराला हात लावत, प्रत्येक दुकानदाराशी भांडत गेली. कुणी ऐकून घेतलं नाही. "मोर काय तुमचा एकटीचा आहे का बाई?" असं एकानं विचारलं. त्या दिवसापासून तिनं कुठल्याच डिझाइनची दुसरी प्रत कुणाकडे ठेवली नाही, की करूच दिली नाही.

आता अव्वाबद्दल सांगायला हवं, कारण सगळा जीव तिथं अडकलेला होता. अव्वा म्हणजे अक्काची आई, माहेरची धारवाडकडची. त्या बाजूला कसुती नावाचं भरतकाम करतात. इरकल लुगड्याच्या पदरावर, कापडाचे उभे-आडवे धागे मोजून, सुईनं गोपुरं, रथ, तुळशीवृंदावनं, हत्ती काढायचे. आधी पेन्सिलीनं रेघ मारायची नाही, दोऱ्याला गाठ द्यायची नाही, आणि पदर उलटला तरी तेच चित्र तितकंच साफ दिसलं पाहिजे. अव्वाचा हात त्यात असा बसलेला की लांबलांबचे व्यापारी तिच्या दारात यायचे, कौतुक करायचे, 'तुमच्या बोटांत देव आहे' म्हणायचे आणि लुगडी घेऊन जायचे. चाळिशीतच अव्वाची नजर अधू झाली आणि पन्नाशीत गेलीच.

"देव म्हणं," अक्का सुपारी कातरत म्हणायची. "बोटात देव हुता तर डोळ्यात कोण हुतं? त्यो का पळून गेला? कौतुकानं डोळं परत येत्यात व्हय?"

म्हणून अक्कानं जन्मात सुई हातात धरली नव्हती. ब्लाउजचं हुक तुटलं तरी शेजारच्या शिंप्याकडे पाठवायची. मशीन तिनं हौसेनं घेतलं नव्हतं, रागानं घेतलं होतं. यंत्रानं भरावं, बाईचे डोळे शाबूत राहावेत, एवढाच तिचा हिशेब. पहिल्यांदा अव्वाला दुकानात आणून तिनं मशीनवर काढलेलं गोपुर तिच्या हातात दिलं, तेव्हा अव्वानं आधी ते उलटं केलं आणि मागून बोट फिरवलं. मागची बाजू खरखरीत होती, दोऱ्यांचा नुसता गुंता. अव्वानं ते घडी घालून परत दिलं. अक्का मात्र त्या रात्री जेवली नाही, असं तिनंच मला सांगितलं.

तरी पुढच्या श्रावणात दोघी कामाला लागल्या. अव्वाच्या लग्नातलं एक काळं इरकल होतं. त्याच्या पदरावर तिनं लग्नाआधी स्वतःसाठी रथ भरला होता. विकायला नव्हे, स्वतःसाठी भरलेलं तेवढं एकच. दुपारी गिऱ्हाईक कमी झालं की अव्वा प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसायची, पदर मांडीवर, आणि डोळे मिटूनच बोटांच्या टोकांनी टाके मोजत सांगायची, "उजवीकडं चार. वर दोन. आता तिरकं. थांब, घाई करू नको." आणि अक्का कॉम्प्युटरवर एकेक टाका माउसनं मांडायची. चुकली की अव्वाला शिव्या, नवऱ्याला शिव्या, माउसला शिव्या. तिचा नवरा बिचारा कधीच वारला होता. मी झेरॉक्स काढता काढता ते ऐकत असे, आणि माझ्या आयुष्यात मी इतकं प्रेमाचं भांडण दुसरं ऐकलेलं नाही.

रथाच्या चाकाशी एक पाखरू होतं. कसुतीच्या कुठल्याच नमुन्यात ते नसतं. रथ म्हणजे दोन्ही बाजूंनी सारखा. एक बाजू आली की दुसरी आपोआप येते. पाखराचं तसं नव्हतं. बोट तिथं आलं की अव्वा हसायची. "ते मी मोजून न्हाय घातलं," म्हणायची. "त्या दिवशी मनात आलं म्हणून घातलं." ते वेडंवाकडं पाखरू टिपायला अक्काला साऱ्या रथाइतका वेळ लागला.

पुढच्याच वर्षी अव्वा गेली. त्यांच्याकडे माती देतात, बसवून. अव्वानं आधीच सांगून ठेवलं होतं, मला माझ्याच लुगड्यात बसवा. भावांनी विचारलं, एवढं भारी लुगडं मातीत घालायचं? अक्का म्हणाली, तिचं हाय, तिला द्या. काळं इरकल, पदरावरच्या रथासकट, अव्वाबरोबर गेलं. त्यानंतरच्या पावसाळ्यात एकदा वीज गेली आणि परत आली ती अशा जोरानं की अक्काच्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क जळाली. राहिला तो पेनड्राइव्ह. त्यात रथ होता, आणि जगात दुसरीकडे कुठेही नव्हता; मागून पुन्हा गुंताच होईल म्हणून मशीनवर तो तिनं कधी काढलाच नव्हता.

माझ्या नवऱ्यानं तिला हात जोडून सांगितलं, "अक्का, मोर नका देऊ, वाघ नका देऊ. एवढ्या रथाची मला एक सीडी करून ठेवू द्या. कपाटात कुलपात ठेवतो."

"मशीन वाचतंय न्हवं, दाजी? मग? एक हाय त्ये खरं. दोन झाली की चोरापोरी जात्यात."

मीही भांडले. दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. ती रोज सकाळी येऊन माझ्या टेबलावर शेंगदाण्याची चटणी ठेवून जायची आणि विषय तिथंच राहायचा.

मग जुनं मशीन थकलं. सुट्या भागांसाठी इचलकरंजीच्या खेपा सुरू झाल्या आणि शेवटी तो मेकॅनिकही म्हणाला, अक्का, आता ह्याला सोडा. तिनं नवं मशीन घेतलं. चकचकीत, बोटानं दाबायचा पडदा असलेलं. ते बसवायला विक्रेत्याकडून एक माणूस आला. वयानं चाळिशीचा, खिशाला नावाची पट्टी, बोलायला अतिशय गोड. मशीन बसलं, चाललं. अक्का खूश झाली. त्या माणसासाठी चहा आणि वडा सांगायला ती स्वतः खाली गेली. पेनड्राइव्ह टेबलावर होता. त्या माणसानं तो नव्या मशीनला लावला. नव्या मशीननं पाटी शोधली, पाटी सापडली नाही, आणि पडद्यावर प्रश्न आला. हा पेनड्राइव्ह कोरा आहे, तयार करून घेऊ का? त्या माणसानं 'होय' दाबलं.

अक्का वडा घेऊन वर आली तेव्हा तो प्रसन्न चेहऱ्यानं म्हणाला, "मॅडम, तुमचा पेनड्राइव्ह रिकामा होता. मी फॉरमॅट करून दिलाय. टेस्टिंगसाठी आमची सॅम्पलची डिझाइन्सही टाकलीयेत. आता कुठंही चालेल बघा."

मी भिंतीपलीकडून आधी काहीच ऐकलं नाही. ज्या बाईचा आवाज खालच्या रस्त्यापर्यंत जायचा ती गप्प होती, म्हणून मी उठून गेले. अक्का हातात कागदाचा पुडा धरून उभी होती. मग तिनं अगदी हळू विचारलं, "रिकामा हुता असं कोण म्हणालं तुमास्नी?"

"मशीननं दाखवलं ना, मॅडम."

"मशीननं दाखवलं. आनी मी खाली जिन्यात हुतो. हाक मारली असती तर ऐकू गेलं असतं. तुमच्यासाठीच गेलतो मी. इचारायचं की वो आधी! एका शब्दानं इचारायचं की!" आणि मग तो आवाज चढला. मी अक्काची शेकडो भांडणं ऐकली होती, पण तसा आवाज त्याआधी नव्हता आणि पुढंही कधी नाही.

त्यानंतर जे झालं त्यानं माझ्या तळपायाची आग मस्तकाला जाते. विक्रेत्याला फोन केला. तिकडून सांगण्यात आलं, पार्टिशन नसलेला ड्राइव्ह वापरणं हीच मुळात ग्राहकाची चूक. प्रमुख म्हणवणाऱ्या माणसानं 'आम्हाला वाईट वाटतं' हेसुद्धा इंग्रजीत सांगितलं. कॉम्प्लेक्समधले लोक येऊन शहाणपणा शिकवून गेले, बॅकअप ठेवायचा असतो अक्का, हे तर लहान मुलालाही कळतं. अहो, कळतं! ठेवायला हवा होता, मीच घसा कोरडा करून सांगत होते! तिच्या हट्टाचा मला आजही राग येतो. पण एखाद्याच्या दारावर पाटी नाही म्हणून घरात कुणी राहतच नाही असं ठरवायचं, आणि दार न वाजवता आत शिरून सगळं साफ करायचं, आणि वर हसून 'आता चांगलं झालं' म्हणायचं, ही चूक कुणाची म्हणायची? तिनं कुलूप लावलं नव्हतं ही तिची चूक असेल. पण घर कुणी साफ केलं?

माझ्या नवऱ्यानं तो पेनड्राइव्ह घरी आणला आणि बरेच दिवस कुठली कुठली सॉफ्टवेअरं लावून बसला. पुष्कळसं परत आलं. शाळांची बोधचिन्हं आली, तालमींचे वाघ आले, तो चोरीला गेलेला मोरसुद्धा आला. रथ आला नाही. रथ जिथं होता नेमक्या त्याच जागेवर त्या माणसानं टाकलेली नमुन्याची डिझाइन्स बसली होती. गुलाबाची फुलं. नवऱ्यानं ते सांगितलं तेव्हा तो अक्काकडे बघत नव्हता.

"माझ्या अव्वाच्या रथावर गुलाब लावलं त्यानं," अक्का म्हणाली. एवढंच. पेनड्राइव्ह तिनं परत घेतलाच नाही.

नवं मशीन तिनं आठवडाभरात परत पाठवलं. त्यावरूनही विक्रेत्याशी कडाक्याचं भांडण झालं आणि ते ती जिंकली, पण जिंकल्याचा आनंद तिच्या तोंडावर दिसला नाही. गाळ्याचं शटर अर्धं खाली असायचं. मी डोकावले की ती खुर्चीत बसलेली, अव्वाच्याच त्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत. मग एके दिवशी ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "तंगी, सुई हाय काय गं?"

ज्या सुईनं अव्वाचे डोळे खाल्ले म्हणून ही बाई आयुष्यभर बोंब मारत आली, ती सुई मागत होती. मी म्हणाले, "अक्का, चष्म्याचा नंबर वाढलाय तुझा. वेड लागलंय का?"

"रथाचा एकेक टाका मी मांडलाय. माउसनं का हुईना, मीच मांडलाय. हातात असंल त्यो. बगतो की आता, हाय का न्हाय."

ती बाजारातून नवं काळं इरकल घेऊन आली, तेवढ्याच रुंदीचा तुकडा, आणि खिडकीशी बसून धागे मोजायला लागली. रेघ नाही, गाठ नाही. पहिल्याच धाग्यापासून सुरुवात. पहिले काही आठवडे नुसते उसवण्यात गेले. ओठ हलायचे, "उजवीकडं चार, वर दोन," आणि ते बोलणं ऐकताना मला सारखं वाटायचं की त्या गाळ्यात दुसरं कुणी बसलंय. मी चिडायचे, दिवा लावून द्यायचे, चहा ठेवून द्यायचे, पुन्हा चिडायचे. तिच्यावर नव्हे. ज्यानं एक बटण दाबलं आणि जो आता दुसऱ्या कुणाच्या तरी दुकानात गोड बोलत असेल, त्याच्यावर. ह्या म्हातारपणी तिचे डोळे त्यानं घेतले होते आणि त्याला त्याचा पत्ताही नव्हता.

रथ आला. चाकं, खांब, कळस, वरची पताका, सगळं आलं. मी पदर उलटून पाहिला. दोन्हीकडून सारखा. मशीनला कधीच जमलं नव्हतं ते. माझ्या नवऱ्याला दाखवलं तर तो चष्मा काढून पुसत बसला.

पाखरू मात्र आलं नाही. ते कशाशीच जुळणारं नव्हतं, मोजून घातलेलं नव्हतं. हाताला धरायला त्याची दुसरी बाजूच नव्हती. अक्कानं ते पुन्हा पुन्हा घातलं आणि पुन्हा पुन्हा उसवलं. मला प्रत्येक वेळी ते छान दिसायचं. ती बोटानं चाचपायची आणि मान हलवायची. "हे न्हवं. हे माझं झालं. अव्वाचं न्हवं." शेवटी उसवून उसवून तिथलं कापड विरायला लागलं, तेव्हा तिनं सुई उशीत खोचून ठेवली आणि ती जागा तशीच सोडली.

गाळा तिनं सोडला तो त्यानंतर लवकरच. डोळ्यांना अंधुक दिसायला लागलं होतं, भाऊ न्यायला आला होता. निघायच्या दिवशी ती माझ्या दुकानात आली, झेरॉक्सचं झाकण स्वतः उघडलं आणि काचेवर तो पदर पसरला.

"काढ," म्हणाली.

"काय काढू?"

"कॉपी. दुसरं काय निघतंय ह्या डब्यातनं?" तिच्या तोंडून तो शब्द पहिल्यांदाच शिवीसारखा आला नाही. "काढ आनी जी मागंल तिला दे. मी लपवून ठिवलं म्हणून एका बोटानं गेलं. कापड तुझ्याकडं ऱ्हाऊ दे. मला आता दिसत बी न्हाय."

मी झाकण दाबून धरलं. उजेडाची पट्टी सरकली. कागद गरम गरम बाहेर आला, त्यावर काळ्यात पांढरा रथ, आणि चाकाशी मोकळी जागा. अक्कानं कागदावर बोट फिरवलं, मग तो उलटा करून पाठीवर फिरवलं. पाठ कोरी होती. "ह्येला पाठ न्हाय," ती म्हणाली आणि किती दिवसांनी हसली. जिन्यापर्यंत आपल्या भावावर ओरडतच गेली, सामान नीट धर म्हणून. काही वर्षांनी गावाकडून ती गेल्याचा फोन आला. मातीला मी पोचले नाही. वाटेतच असताना तिच्या भावानं कळवलं की झालं सगळं.

त्या रथाच्या किती प्रती मी वाटल्या त्याची गणती नाही. मागेल तिला दिली, पैसे घेतले नाहीत. कापड माझ्या घरी बैठकीच्या खोलीत फ्रेममध्ये आहे. परवा माझ्या सुनेची एक मैत्रीण आली होती. चांगली मुलगी, स्वतःचं बुटीक चालवते. फ्रेमसमोर उभी राहून तिनं मनापासून कौतुक केलं. मग जवळ जाऊन म्हणाली, "काकू, इथं चाकापाशी मात्र थोडं रिकामं राहिलंय ना? कापडही विरलंय. माझ्याकडे द्या दोन दिवस. मशीनवर छानसं काहीतरी टाकून भरून देते, कळणारसुद्धा नाही."

आणि तिनं फ्रेम खिळ्यावरून उचलायला हात वर केलाही होता.

"हात काढ!" मी ओरडले. सून स्वयंपाकघरातून धावत आली. "रिकामं न्हाय ते. पाखरू हाय तिथं. आधी इचारायचं की!"